पावणेचार लिटरचा पसारा

घरी एकोणीस लिटर बिअर करायला साधारण पाच तास लागतात आणि पावणेचार लिटर करायला साडेचार. धान्य गरम पाण्यात मुरत ठेवण्याचा तास, त्याचा रस उकळण्याचा तास, मग तो निववणे, गाळणे आणि या सगळ्याच्या आधी व नंतर भांडी घासणे. माप पाचवा हिस्सा केले म्हणून यातले काहीही पाचव्या हिश्शावर येत नाही. अमेरिकेत घरगुती बिअरची रूढ बॅच पाच गॅलनची, म्हणजे त्या एकोणीस लिटरची असते. आम्ही सिएटलला ज्या अपार्टमेंटमध्ये राहतो तिथल्या शेगडीवर एका गॅलनच्या बॅचचेच पातेले नीट मावते, आणि एवढ्या खटाटोपातून शेवटी जेमतेम दहा बाटल्या हाती लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानात याहून सरस बिअर सहज मिळते, तेव्हा हा प्रकार चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशातलाच आहे, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला बिअर पिण्यापेक्षा ती होताना पाहण्याची हौस अधिक, त्याला लहान बॅचच परवडते. मोठी केली की पन्नासेक बाटल्या संपेपर्यंत दुसरी लावायची सोय नसते. दहा बाटल्या मित्रमंडळी जमली की एका संध्याकाळी संपतात आणि शेगडी पुन्हा मोकळी होते.

या हौसेला इथे कायद्याची आडकाठी नाही. जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये सही केलेल्या कायद्यानुसार दोन प्रौढ माणसांच्या घरात वर्षाला दोनशे गॅलन बिअर करता येते, फक्त ती विकता येत नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरात बिअर आंबवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे हे वेड मला लागले ते इकडे आल्यावरच.

बिअरचे मूळ द्रव्य म्हणजे माल्ट, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. सासूबाई साताऱ्याहून राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी पुढे काय होणार आहे याकडे ठाम दुर्लक्ष करून पिशवीतले चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे तर आपल्या नाचणीच्या सत्त्वासारखंच केलंय की." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. दाण्याला मोड फुटतो तेव्हा पिष्टाची साखर करणारी विकरे त्यात तयार होतात. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेसारखी घट्ट होत नाही आणि गोडसर लागते, त्याचे कारण हीच विकरे. बिअर करणारा त्यांनाच पासष्ट ते अडुसष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर कामाला लावतो. पासष्टच्या जवळ राहिले तर साखर ती आंबवणाऱ्या यीस्टला पचेल अशी होते आणि बिअर हलकी, कोरडी उतरते. अडुसष्टच्या जवळ गेले तर न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअर अंगाने भरीव होते. सारा फरक तीन अंशांचा.

लहान बॅचची खरी गंमत आणि खरी पंचाईत इथूनच सुरू होते. एकोणीस लिटरचे भांडे आपली ऊब धरून ठेवते, पाच लिटरचे पातेले मात्र पाहता पाहता निवते. म्हणून आमच्याकडे ते तासभर गोधडीत गुंडाळलेले असते आणि पाहुण्यांना त्याचा खुलासा द्यावा लागतो. पुढे उकळताना किती पाण्याची वाफ होणार हे भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर आणि आचेवर ठरते, आत रस किती आहे यावर नाही. मोठ्या बॅचमधून दीड-दोन लिटर उडाले तर त्याचे कोणाला काही वाटत नाही. माझ्या पातेल्यातून तेवढेच उडाले तर तिसरा हिस्सा गेलेला असतो, म्हणून सुरुवातीलाच जास्त पाणी धरावे लागते आणि तास संपत आला की डाव बुडवून पातळी पाहत बसावे लागते. निववण्याच्या बाबतीत मात्र लहान असण्याचा सरळ फायदाच होतो. मोठ्या बॅचला तांब्याच्या नळ्यांचे वेटोळे आत सोडावे लागते, तर माझे पातेले सिंकमध्ये बर्फ घालून ठेवले की थोड्या वेळात हाताला गार लागते.

हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या बाबतीत सोनाराचा काटाच हवा. कॅस्केड नावाचे हॉप्स पाच-सहा ग्रॅम घेऊन तासभर उकळले की एका गॅलनला बेताचा कडवटपणा येतो. त्यात एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर जिभेला कळते, आणि मोठ्या बॅचमध्ये तोच ग्रॅम कुठे गेला हे सांगता येणार नाही. शेवटच्या पाच मिनिटांत घातलेले हॉप्स कडू करत नाहीत, वास देतात. हे हॉप्स येतात आमच्या पूर्वेच्या डोंगरापलीकडून. याकिमा खोऱ्यात अमेरिकेतले सुमारे तीन चतुर्थांश हॉप्स पिकतात, आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या शेतांजवळून गाडी नेली तर उंच मांडवांवर चढलेल्या वेलींचा राळेसारखा, संत्र्याच्या सालीसारखा उग्र वास बंद काचांमधूनही आत येतो. ताजे फूल बोटांत चुरडले की पिवळी चिकट पूड हाताला लागते आणि साबणाने दोनदा धुतली तरी संध्याकाळपर्यंत जात नाही.

रस निवला की पुढचे काम यीस्टचे. त्याआधीचे माणसाचे काम म्हणजे धुणे, आणि हे नमनाला घडाभर तेल कोणालाही चुकत नाही. उकळी बंद झाल्यानंतर रसाला लागणारी प्रत्येक वस्तू, नळी, नरसाळे, बाटली, अगदी यीस्टच्या पाकिटाची कात्री, जंतुनाशकात बुडवायची. इडलीच्या पिठात ज्या जिवाणूंची आपण वाट पाहतो, त्यांनाच इथे दाराबाहेर ठेवायचे असते. जर्मनीतल्या बव्हेरियात 1516 साली बिअरमध्ये फक्त पाणी, बार्ली आणि हॉप्स घालण्याचा नियम झाला तेव्हा त्यात यीस्टचा उल्लेखच नव्हता, कारण आंबवणारे कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले आणि कार्ल्सबर्गने ते इतर बिअर-कारखान्यांनाही मोकळ्या हाताने दिले. माझ्या फ्रिजमधले अकरा ग्रॅमचे पाकीट त्याच विद्येची देणगी आहे. ते पाकीट मोठ्या बॅचच्या मापाचे असते, त्यामुळे मला त्यातले अडीच-तीन ग्रॅमच पुरतात आणि उरलेले चिमट्याने बंद करून ठेवावे लागते.

दुसऱ्या दिवशी काचेच्या बुधल्यात तपकिरी फेस वर चढतो, एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या बुचातून, बुडबुडे सुटू लागतात आणि स्वयंपाकघरात पावासारखा वास येतो. इथे लहान बुधल्याचा आणखी एक गुण कळतो. आंबताना उष्णता निर्माण होते आणि मोठ्या टाकीत ती साठून बिअरची चव बिघडवू शकते. बुधला मात्र खोलीचेच तापमान धरतो आणि कपड्यांच्या कपाटात वीस अंशांच्या आसपास सुखाने राहतो. कपाटाच्या मालकिणीचे सुख हा वेगळा विषय आहे.

मला जिवावर येते ते मोजमाप. रसाची घनता पाण्याच्या तुलनेत दाखवणारा हायड्रोमीटर तरंगायला उभ्या नळीत शंभरेक मिलिलिटर रस लागतो, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी असे दोनदा मोजले की दहा बाटल्यांतली एक अर्ध्याहून जास्त मोजण्यातच जाते. सुरुवातीला 1.050 आणि शेवटी 1.010 आकडा आला तर बिअरमध्ये पाच टक्क्यांहून थोडे जास्त अल्कोहोल आहे, एवढे कळण्यासाठी ही किंमत मला जास्त वाटते. प्रकाश किती वळतो यावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात, पण अल्कोहोल तयार झाल्यावर तो चुकीचे वाचतो आणि गणित करून आकडा सुधारावा लागतो. तरीही शेवटचे मोजमाप मी टाळत नाही. बाटलीत भरताना फेसासाठी लिटरमागे सहाएक ग्रॅम साखर घालायची असते, आणि आधीची साखर संपलेली नसताना वर ही पडली तर दाबाने बाटली फुटते. तिथे गमतीला जागा नाही.

सध्या घरात वाद आहे तो नाचणीचा. नेपाळ आणि सिक्कीमकडे तोंगबा नावाचे आंबवलेले पेय नाचणीपासूनच करतात, तेव्हा मोड आलेली थोडी नाचणी बार्लीत मिसळून पाहावी असे मला वाटते, आणि दहा बाटल्यांच्याच बॅचमध्ये असला प्रयोग बिघडला तरी फारसे नुकसान होत नाही. दाणा बारीक असल्यामुळे धान्य मुरवायची कापडी पिशवी घट्ट विणीची घ्यावी लागेल, एवढेच. सासूबाईंनी फोनवर सगळे नीट ऐकून घेतले, मोड किती लांब येऊ द्यावेत आणि सावलीत किती दिवस वाळवावे हेही सांगितले, आणि शेवटी म्हणाल्या, "पण मी ठेवून आलेय त्या डब्याला हात लावायचा नाही हं, ती नाचणी आंबिलीसाठी आहे."