फ्लॅप की पोटाखालची फळी?

गेली नऊ वर्षं आमच्या गॅरेजमध्ये गाडी उभी राहिलेली नाही. तिथे केआर-२ आहे. दोन माणसांचं, घरी बांधायचं विमान, प्लायवूडची पेटी, फोम-फायबरग्लासचे पंख, पुढे फोक्सवॅगनच्या मोटारीचं इंजिन. केन रँड यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात आखलेलं. या पंखाचं टोक ते त्या पंखाचं टोक जेमतेम २० फूट ८ इंच, त्यामुळे शिकागोजवळच्या आमच्या गॅरेजात ते तुकड्यातुकड्यांनी मावलं. बायकोने विचारणं केव्हाच सोडलंय.

एका ओळखीच्या माणसाच्या केआर-२ मध्ये बसून आलो आणि माझी झोप उडाली. विमान धावपट्टीवर आलं, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर गेलं आणि तिथेच तरंगत राहिलं. पट्टी सरकतेय, पण चाकं टेकायचं नाव नाही. पंख जमिनीलगत आला की त्याच्या टोकांशी होणारे हवेचे भोवरे दबतात आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, घटतो. आधीच गुळगुळीत विमान, त्यात हे. माझी पट्टी २४०० फुटांची, आणि पलीकडे मक्याचं शेत.

मग फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या, लावू, असं ठरवून टाकलं. दोन महिने चित्रं काढली. एलरॉनसाठी (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखाच्या टोकाकडच्या पट्ट्यांसाठी) जागा सोडल्यावर फ्लॅपला पंखाचा आतला तुकडाच उरत होता. हिशेबात स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाही तो वेग, ५० नॉटवरून (ताशी सुमारे ९३ किमी) ४७ वर आला. तेवढ्यासाठी दोन्ही पंखांत बिजागऱ्या, दोन्ही फ्लॅप एकत्र फिरवणारी आरपार नळी, तिचे आधार आणि वजन. तरी मन फ्लॅपकडेच ओढत होतं, कारण ‘खऱ्या’ विमानांना फ्लॅप असतात.

तो विचार बाबांनी मोडला. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, “दोन्हीकडे सारखं उघडलं नाही तर? एका चाकाचा ब्रेक धरला आणि दुसऱ्याचा सुटला की गाडी कशी ओढते, माहितीय ना?” माहिती होतं. जमिनीजवळ एकच फ्लॅप खाली आला तर विमान एका अंगावर कलंडायला लागतं. नळी मजबूत केली की हे टळतं, पण मग आणखी वजन. खरं तर माझी अडचण स्टॉलची नव्हतीच. मला कमी वेग नव्हे, उतरण्याचा तीव्र कोन हवा होता, आणि हे ध्यानात यायला मला बाबांचा प्रश्न लागला.

एका जुन्या प्रशिक्षकाने साइडस्लिपचा फुकट उपाय सांगितला होता. विमान तिरकं धरा, अंगावर वारा घ्या, ड्रॅग वाढतो. खरं आहे, पण चाकं टेकण्याआधी सरळ व्हावंच लागतं, आणि तरंगणं सुरू होतं ते नेमकं तिथेच.

उरली पोटाखालची फळी: विमानाच्या पोटाला बिजागरीने लावलेली, उतरताना खाली उघडून हवा अडवणारी. विमानं आखणाऱ्या बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या विमानालाही तीच आहे, कारण त्याचं छोटं पातं पुढे असतं आणि मागच्या मुख्य पंखाला फ्लॅप लावले तर नाक इतकं खाली जाईल की पुढच्या पात्याला ते सावरायला जमणार नाही. अनेक केआरवाल्यांनीही ती लावली आहे.

हिशेब सोपा निघाला. फळी ३० बाय १२ इंच, म्हणजे अडीच चौरस फूट. ६५ नॉटला तिच्यावर सुमारे साडेसतरा किलोचा दाब येतो. माझ्या विमानाचं भरलेलं वजन ४०८ किलो, घसरणीचं प्रमाण १० ला १ (एक फूट उतरताना दहा फूट पुढे) धरलं, तर मूळ ड्रॅग ४१ किलो. फळी उघडली की प्रमाण ७ ला १ वर येतं. हजार फूट उतरायला दहा हजार फुटांऐवजी सात हजार. स्टॉलचा वेग मात्र तोच राहतो, ही फळीची उणी बाजू. तेव्हा चाकांच्या ब्रेकवर जास्त खर्च केला.

बिजागरी पुढच्या कडेला ठेवली. वारा फळीला बंद करायला बघतो, म्हणून विसरून वेग वाढवला तरी ती मिटण्याकडेच जाते. १०० नॉटला तो दाब ४० किलोंच्या वर जातो, म्हणून वेगाच्या काट्याच्या तबकडीवर ८० नॉटला लाल खूण करून ठेवली. फळीला भोकं पाडली, नाहीतर मागची हवा शेपटीला हादरवते, असं सगळे सांगतात.

पुठ्ठ्याची नक्कल चिकटवली तेव्हा खरी गंमत झाली. शेपटीचं चाक जमिनीवर टेकवलं आणि फळी पूर्ण उघडली, तर खालची कड जमिनीपासून दोन इंचांवर! टायरमधली हवा थोडी कमी झाली असती तर घासलीच असती. मग ३६ बाय १० ची केली. क्षेत्रफळ तेवढंच, लोंबणं कमी.

नव्या विमानाच्या चाचणी-उड्डाणाचे ४० तास सुरू आहेत, त्यातले १८ झाले. फळी उघडल्यावर नाक हलकंसं खाली जातं, तेवढी कंट्रोल स्टिक मागे ओढून धरावी लागते. तरंगणं अर्ध्यावर आलंय, संपलेलं नाही.

पहिल्या नीट लँडिंगचा व्हिडिओ बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: “उतरलास छान. पण शेडपर्यंत फळी खालीच लोंबतेय. वर घ्यायला विसरलास.”