शेवटचा अंक हातात आल्यावर

लघुअनियतकालिकांना, म्हणजे चार मित्रांनी मिळून जमेल तेव्हा काढलेल्या छोट्या वाङ्मयीन अंकांना, बंद पडायला कारण फारसं लागत नाही. कागदाचं बिल थकतं, संपादकाची बदली होते, चार मित्रांपैकी दोघांचं पटेनासं होतं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये ‘शब्द’ सुरू केलं तेही सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या साध्या यंत्रावर. अशा अंकांच्या प्रती मुळातच थोड्या निघतात. म्हणून आवडतं अनियतकालिक थांबलं की वाचकाने त्याचा संच नीट लावून ठेवावा. त्या अंकांना यापेक्षा चांगला निरोप मला माहीत नाही.

आधी यादी करा. अनियतकालिकाच्या क्रमांकांवर आंधळा विश्वास ठेवू नये. पाचनंतर थेट सात येतो, कधी ‘४-५’ असा जोडअंक असतो, कधी एकच क्रमांक दोनदा छापला जातो. सहावा अंक हरवला असं ठरवण्याआधी सातव्याचं संपादकीय आणि वर्गणीची सूचना वाचा. तो निघालाच नसल्याचा खुलासा बहुतेकदा तिथेच सापडतो. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, जाहिराती, आत सरकवलेलं वर्गणीचं पत्रक यातलं काहीही काढून टाकू नका. अंक कुठे छापला आणि कुणाच्या पैशावर निघाला, हे त्या पानांवरूनच कळतं.

सगळ्यात जास्त नुकसान पिनांनी होतं. कोकणात, मुंबईत दोन पावसाळ्यांत त्या गंजतात, गंज कागदात उतरतो आणि मधलं पान घडीवरच तुटतं. पिन काढायच्या यंत्राने ओढू नका, कागद फाटतो. अंक मधोमध उघडा, बोथट सुरीच्या टोकाने पिनेचे दोन्ही पाय सरळ करा, मग पाठीच्या बाजूने पिन बाहेर काढा. पिनांच्या जागी सुती दोऱ्याची तीन भोकांची शिलाई घाला: सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. दोरा ताणताना घडीच्या रेषेतच ओढा, काटकोनात ओढला की भोक चिरतं.

बाइंडरकडे संच द्यायचा मोह होतोच, पण बाइंडर कडा कापतो, आणि या अंकांत मजकूर कित्येकदा कडेपर्यंत गेलेला असतो. चिकटवायच्या खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धतही इथे नको. त्याने कीड लागत नाही हे खरं, पण तांब्याचा क्षार कागद लवकर ठिसूळ करतो. सेलोटेप तर नकोच: काही वर्षांत पट्टी सुटते आणि चिकटा पिवळा डाग होऊन कागदातच राहतो. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (दुरुस्तीसाठी वापरतात तो लांब तंतूंचा पातळ कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ पुरते. लॅमिनेशन कधीही करू नये, ते पुन्हा काढता येत नाही.

न्यूजप्रिंट पिवळा पडतो तो त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे. उजेड आणि हवा लागेल तितका वेग वाढतो, म्हणून अंक आडवे, आम्लरहित कागदाच्या पाकिटात, बंद खोक्यात ठेवा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढलं तरी फरक पडतो. कसर लागलेला अंक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांच्या आसपास ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी सुटतं.

स्कॅनिंग करताना सायक्लोस्टाइलची पानं रंगीतच घ्या, ४०० डीपीआयवर. निव्वळ काळं-पांढरं घेतलं की फिकट अक्षरं तुटतात. मात्रा, अनुस्वार तर पार गायब होतात. मागचा मजकूर दिसत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा. स्कॅनची मूळ प्रत टिफ (TIFF) या फाइल-प्रकारात ठेवा, वाचायला पीडीएफ वेगळी करा. फाइलच्या नावात वर्ष, अंक आणि पान हवंच.

हे स्कॅन सगळ्यांसाठी खुले करण्याआधी मात्र परवानगी घ्यावी लागते. अंक थांबला तरी लेखकाचा हक्क थांबत नाही; भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. कवितेची परवानगी कवीकडे किंवा वारसांकडे मागायची, रेखाटनाची चित्रकाराकडे. यातले बरेच जण आता वयस्कर आहेत, तेव्हा हे काम यादी झाली की लगेच हाती घ्या. त्यांच्याशी बोलताना टोपणनावांमागे कोण होतं तेही विचारून त्या त्या अंकासमोर लिहून ठेवा.