चाळीस फरश्या आणि एक सीड

भिंत सहा मीटर लांब, तीन मीटर उंच. तिच्यावर काळ्या कडप्प्याचे लहानमोठे आयत लावायचे होते, पण ठरावीक साचा कुठे दिसायला नको होता. आधी हातानेच रेघा मारून पाहिल्या. हात फार लवकर स्वतःलाच गिरवायला लागतो: रुंद, अरुंद, रुंद, अरुंद. म्हणून ऱ्हायनो या त्रिमितीय रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधलं ग्रासहॉपर उघडलं; त्यात तयार ठोकळे एकमेकांना जोडून नियमाने आकृती काढता येते.

डोक्यातला हिशेब सरळ होता. ‘रँडम’ या ठोकळ्याकडून १ ते ३ मधले कसेही आठ आकडे घ्यायचे, ‘मास ॲडिशन’ने त्यांची चढती बेरीज करायची आणि ती एकूण बेरजेने भागायची. म्हणजे अख्खी लांबी ० ते १ मध्ये बसते. उंचीसाठी असेच पाच आकडे. सुरुवातीला ० धरून लागोपाठच्या आकड्यांमधले पट्टे ‘आयसोट्रिम’ला दिले की भिंतीच्या पृष्ठभागातून, म्हणजे सरफेसमधून, आयत कापून मिळतात.

पहिल्यांदा भिंत कोरीच दिसली. कोपऱ्यात खूप झूम केल्यावर सगळी नक्षी एक मिलिमीटरच्या चौकोनात सापडली! सरफेस ‘रिपॅरामीटराइझ’ करायचा, म्हणजे त्याचीही मोजणी ० ते १ मध्ये आणायची राहिली होती. ती आणली, तर आयत आठच. पायऱ्यांसारखे तिरके चढत गेलेले आणि वरच्या ओळीत पोचल्यावर आडवे. पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा अशाच जोड्या लागत होत्या. ओळींची यादी ‘ग्राफ्ट’ केली, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळ्या फांदीवर ठेवली, आणि चाळीस आयत भरले.

तरी मन भरेना. उभ्या रेघा वरपासून खालपर्यंत सलग, खिडकीच्या गजांसारख्या. दगडकामात सांध्यावर सांधा मला खपत नाही. ‘रँडम’ कोणते आकडे देणार हे ‘सीड’ नावाच्या आकड्यावर ठरतं. मग ‘सीड’ला एकाऐवजी स्लायडरवरच्या आकड्यापासून पुढचे पाच आकडे दिले, तेव्हा प्रत्येक ओळीला स्वतःची मापं मिळाली.

आता ४३७.२८ मिमीची फरशी कोण कापणार? रुंदी ५० च्या पटीत आणली की बेरीज ६००० होत नव्हती. यावर फार वेळ गेला. उपाय निघाला तो असा: रुंदीला हात न लावता ० ते १ मधल्या चढत्या बेरजेला १२० ने (६००० ÷ ५०) गुणायचं, तिथे पूर्णांक करायचा आणि परत १२० ने भागायचं. सांधे ५० मिमीवर येतात, शेवट ६००० लाच राहतो. उंचीला तेच, फक्त ६० ने.

मग सीडचा स्लायडर एकेक घर सरकवत बसले. खालच्या-वरच्या ओळीचा एकही सांधा जुळत नाही, असं चित्र ४१ वर मिळालं. त्याच सीडला तेच आकडे पुन्हा येतात, म्हणून ४१ लगेच वहीत लिहून ठेवला.

कागद पाहून मिस्त्री म्हणाले, “मॅडम, प्रत्येक फरशीवर नंबर टाका, बाकी मी बघतो.” त्याच संध्याकाळी १ ते ४० नंबर टाकून मापांची यादी त्यांना दिली.