काळ्या पानावरचे ठिपके

त्या पुस्तकाची सगळी पानं माझ्या हातून गेली, पण डोक्यात बसलीत ती फक्त 40 आणि 41.

मी छपाईपूर्व काम करतो. मूळ चित्रं स्कॅन करायची, साफ करायची, पानं मशीनला लावायची. हे चित्रांतून सांगितलेलं आत्मकथन होतं: लेखिकेचा धाकटा भाऊ अपघातात गेला, त्यानंतरची त्यांची वर्षं. ‘चित्रं आहेत, म्हणजे मुलांचं असणार,’ असं आमच्या बाइंडरनं न उघडताच ठरवून टाकलं. ज्यूंच्या हत्याकांडावरच्या ‘माउस’ या चित्रकथेला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला 1992 साली; आमच्या धंद्यात ती बातमी अजून पोचायची आहे.

पान 39 वर फोन वाजतो. उलटलं की समोरासमोर दोन्ही पानं काळी. शब्द नाही, चौकट नाही.

मुळात ही जोडी 38-39 वर होती. सोळा पानी फॉर्मात, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांत, समोरासमोरची पानं कागदावर शेजारी येतात ती फक्त फॉर्मच्या मध्यावर. बाकीची कुठंकुठं छापली जातात आणि घडी घातल्यावर भेटतात, मग डावा काळा एका छटेचा, उजवा दुसऱ्या. सुरुवातीला दोन पानं वाढवून मी ती जोडी 40-41 वर, तिसऱ्या फॉर्मच्या बरोबर पोटात आणली. कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय नुसती काळी शाई एवढ्या मोठ्या भागावर विटकी दिसते, म्हणून तिच्या जोडीला निळा 60, किरमिजी 40, पिवळा 40 टक्के दिला. प्रूफवर असा काळा उतरला, की नजर आत ओढली जावी.

लेखिका बराच वेळ बघत राहिल्या. “फार देखणा झालाय हो.”

मी खूश.

“तसा नव्हता तो. अगदीच काळोख नव्हता. मधूनमधून काहीतरी दिसायचं मला.”

त्यांना एकाच शाईचा काळा हवा होता. मी म्हटलं, ठिपके पडतील. कागदाचा तंतू, धूळ, काहीही ब्लँकेटवर, म्हणजे शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी पत्र्यावर, बसतं आणि सलग काळ्यात तेवढी जागा पांढरी राहते. लोक प्रेसला शिव्या देतात. “पडू देत,” त्या म्हणाल्या. संपादक दोघांकडे बघून मान डोलवत होते. संपादक नेहमी तेवढंच करतात.

छपाईला त्या स्वतः आल्या. फॉर्म लागला, ठिपके पडले: डावीकडे सात, उजवीकडे चार. त्यांनी ते बोट लावून मोजले आणि त्याच शीटवर सही केली. मशीनमन माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याची अब्रू विकली.

त्या गेल्या. थोड्या वेळानं त्यानं सवयीनं मशीन थांबवलं, फडकं घेतलं आणि ब्लँकेट पुसलं. मी समोर उभा होतो. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. पण पुढची शीट अशी स्वच्छ निघाली, की मला बरंच वाटलं.

त्यांच्या प्रती मी ठिपकेवाल्या गठ्ठ्यातून काढून पाठवल्या.

परवा त्यांचा फोन आला. कुणीतरी सहीसाठी प्रत पुढं केली होती, ती त्यांनी मधूनच उघडली. “तिच्यात एकही ठिपका नाही. असं कसं?”

“मशीनवर होतं असं,” मी म्हणालो.

मशीनवर आपोआप होतात ते ठिपके.