केसाएवढी चीर

अण्णांची जुनी पद्मिनी गाडी आज खंबाटकीच्या चढाला दोनदा बंद पडली. सपाटीवर मस्त चालते, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आचके देते आणि बसते. आधी वाटलं, उन्हानं पेट्रोलची वाफ होतेय. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं, थोडी चालली, पुन्हा तेच. घाट संपला तशी कशीबशी सुरूरला आणली.

तिथल्या मिस्त्रीकाकांनी काहीही खोलायच्या आधी ऑइलची पट्टी काढली आणि माझ्या नाकाशी धरली. "वास घ्या." पेट्रोलचा वास! ऑइल पाण्यासारखं पातळ, वर खुणेच्याही वर चढलेलं. या गाडीचा पंप इंजिनाला चिकटून बसतो, इंजिनातला फिरता कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो. पंपातला डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, फाटला की पेट्रोल गळून थेट ऑइलमध्ये उतरतं.

मग इंजिन सुरू होऊ नये म्हणून ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढली, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत धरली आणि स्टार्टर मारला. दणदणीत पिचकारी यायला हवी, पडले थेंब. डायफ्राम उजेडात ताणून धरला तेव्हा कुठे कडेला ती चीर दिसली. एवढ्याशा चिरेनं ऑइल पातळ करून आणखी शंभर किलोमीटरमध्ये बेअरिंगं खाल्ली असती, या विचारानं अजून पोटात गोळा येतो.

नवा डायफ्राम बसवला. पंपाखालचं पॅकिंग काकांनी मुद्दाम पहिल्याच जाडीचं टाकलं, नाहीतर दांड्याची चाल बदलते.

साताऱ्यात पोचून अण्णांना फोन केला. पहिला प्रश्न, "ऑइल बदललंस ना?"

बदललं, अण्णा. फिल्टरसकट.