शेजारचा फ्रीज

दुपारी जेवण झाल्यावर टॅब्लेट हातात घेतला तो एवढ्याचसाठी, की दरमहा ७५ रुपये घेणारी क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरची, साठवण एकदाची बंद करून टाकावी. सेटिंगमध्ये जाऊन फोटोंसमोरचे हिरवे बटण सरकवले, तर प्रश्न आला: फोटो टॅब्लेटवर उतरवून घ्यायचे, की टॅब्लेटवरून काढून टाकायचे? आपलेच फोटो आपल्याच हातातल्या यंत्रावर उतरवून घ्यायचे म्हणजे काय, हे उमगायला अर्धा तास गेला. जागा वाचवण्याच्या नावाखाली टॅब्लेटने मूळ फोटो कधीच वर पाठवून दिले होते आणि माझ्यापाशी ठेवल्या होत्या त्या नुसत्या बारक्या प्रती. आईच्या पंचाहत्तरीचा फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा तिच्या पैठणीचा पदर क्षणभर धूसर दिसला, कोपऱ्यात एक चक्र फिरले आणि मग कुठे पदरावरचे मोर उमटले.

लहानपणी आमच्या चाळीत मजल्यावर फ्रीज होता तो फक्त शेजारच्या काकूंकडे. उन्हाळ्यात आमचे दुधाचे पातेले, वर ताटली झाकून, त्यांच्या खालच्या कप्प्यात असे. रात्री बाबांना चहाची हुक्की आली की ते आणायला मला पिटाळले जाई आणि काकू जेवत असल्या, तर त्यांचा ताकभात संपेपर्यंत मी उंबऱ्यात ताटकळत असे. पुढे आमच्याकडेही फ्रीज आला, तरी आईने आठवडाभर पातेले तिकडेच ठेवले, कारण ‘आता नको’ हे काकूंना कोणत्या तोंडाने सांगावे, हेच तिला सुचेना. शेवटी वाटीभर श्रीखंड नेऊन दिले आणि येताना ती पातेले घेऊन आली.

इथे श्रीखंड कोणाला द्यावे? उतरवून घ्यावे, तर टॅब्लेट ३२ जीबीचा आणि वर गेलेले फोटो ४१ जीबीचे. थोडे फोटो पुसून जागा करावी, तर इथे पुसलेला फोटो सगळीकडूनच जाईल अशी तंबी मिळते. पुसलेले ३० दिवस परत आणता येतात, एवढाच काय तो दिलासा. मुलगी म्हणते, “बाबा, लॅपटॉपवरून हार्ड डिस्कवर घ्या ना सगळे.” तिचे बरोबरच आहे. हार्ड डिस्क कपाटात, माझ्या पासबुकांच्या खाली आहे.

तिची केबल काही सापडली नाही. बटण होते तिथे परत सरकवले आणि चहाचे आधण ठेवले.