तीन मिनिटं माझी, एक वाक्य बाईंचं

इथे इंग्लंडमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेला पब पाडून चार मजली फ्लॅट्स होणार, म्हणून परवा कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीपुढे बोलायला गेलो. तीन मिनिटांत पार्किंग, सावली, ड्रेनेज सगळं कोंबलं. नगरसेवकांच्या माना डोलत होत्या. एक आजोबा तर म्हणाले, "मी यांच्याच बाजूने." मी लगेच बायकोला मेसेज टाकला, 'जिंकलो.'

मग कडेला बसलेल्या ऑफिसर बाई बोलल्या. आवाज न चढवता, फाइलवरची नजर न काढता. नियोजनाच्या नियमात बसणारं कारण न देता नाकारलंत तर बिल्डर अपिलात जाईल, आपण हरू, वर त्याचा खर्चही आपल्या माथी बसू शकतो. संपलं. मंजुरीला हात वर झाले, त्यात आजोबांचाही.

रात्री पुण्याच्या मित्राला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, "म्हणजे तिकडेही साहेबच!" मला रागच आला. अरे, इथला साहेब कौन्सिलनेच नेमलेला असतो, मंत्रालयातून आलेला आयएएस नसतो. नवी मुंबईत २०१६ साली नगरसेवकांनी तुकाराम मुंढेंवर अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला, तरी ते पुढचे काही महिने आयुक्तच होते. आणि पुण्यात तर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक! तो म्हणाला, "पाणी तेव्हाही तेवढंच यायचं." यावर काय बोलणार?

बर्मिंगहॅमचं मात्र मी त्याला सांगितलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या कौन्सिलच्या वित्त अधिकाऱ्याने सेक्शन ११४ची नोटीस काढली. म्हणजे पैशांचा मेळ बसत नाही, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. पुढच्याच महिन्यात लंडनहून सरकारने कमिशनर पाठवले. प्रशासकच की तो, फक्त नगरसेवकांना घरी न पाठवता आणलेला.

तसा पुण्यात सव्वीस वर्षं राहून मी महापालिकेचं सभागृह एकदाही पाहिलं नाही. सभा कामाच्या वेळात, रजा कोण देणार? इथे सभा संध्याकाळी असते, एवढंच.

त्या दिवशी सभेनंतर बाहेर पार्किंगमध्ये ते आजोबा भेटले. म्हणाले, "ऑफिसरांचा रिपोर्ट वाचला होतात ना?" आठवडाभर आधीपासून वेबसाइटवर होता म्हणे. घरी येऊन उघडला. माझ्या तिन्ही मुद्द्यांची उत्तरं पान नऊवर होती.